वास : ओला दोरखंड

अ‍ॅबर्डीनला एप्रिलातही समुद्रावरून धुकं चढतं,
ग्रॅनाइटच्या भिंतींना घाम फुटल्यासारखा.
संस्थेच्या मागे, मेलेल्या भूर्जाच्या बुंध्याशी
मी पंधरा सेंटिमीटर खोल गेले.
एवढंच. एक चमचा काळी माती,
पिशवीवर पेन्सिलीनं आकडा.

एक ग्रॅम माती पाण्यात कालवली,
त्यातला दहावा भाग पुन्हा पाण्यात,
पुन्हा, आणि पुन्हा,
गर्दीतून एकेक जीव सुटा होईपर्यंत.
मग गुलाबी जेलीवर पसरून
बारा अंशांवर, अंधारात.
या धंद्यात नव्वद टक्के वाट पाहणं असतं,
उरलेलं काचा धुणं.

अकराव्या दिवशी हिरव्या पेनिसिलियमच्या दाटीत
एक करडा ठिपका.
नखाएवढा. कसली घाई नसलेला.

आमच्या भाषेत ह्याला काय म्हणू?
लोणच्यावर येतो तो बुरा,
भाकरीवर धरते ती बुरशी,
उकिरड्यावर कुत्र्याची छत्री,
आणि ज्यांचं म्हणणं पटत नाही ते बुरसटलेले.
शब्द आहेत. पण सगळे
फेकून देताना तोंडात येणारे.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं घर दाखवलं :
मध्ये कुठे भिंत नाही अशा लांबच लांब नळ्या,
आणि टोकाशी काटेरी बीजाणू, एकच,
पंगतीला उशिरा आलेल्याला
वेगळं पान मांडावं तसा.
डीएनएची अक्षरं जुळवली.
सगळ्यात जवळचा निघाला तो ब्याऐंशी टक्के,
म्हणजे भाऊबंदकीतला नाही,
गावकीतला कुणीतरी.

परीक्षकानं कळवलं :
एका नमुन्यावर प्रजाती उभी राहत नाही.
मी त्याच भूर्जाशी सात वेळा गेले.
सातही वेळा हिरवे आले,
काळे आले, एकदा मुंग्याही आल्या.
तो नाही.

मग तळघरातला जुना फ्रीज हलवताना
मागे वह्यांचा गठ्ठा सापडला.
अ‍ॅग्नेस गेडिस, १९७४,
वय एकोणीस, काम : बाटल्या धुणे.
निळ्या शाईत तेच काटे, तसंच वेगळं पान.
खाली लिहिलेलं :
"पुन्हा तो करडा. टार्लंडच्या ओटच्या शेतातून.
सर म्हणतात बाहेरून शिरलाय. टाकला.
वास : ओला दोरखंड."
अशा पाच नोंदी, पाच शेतं.
पाचही ठिकाणी "टाकला".

टार्लंडला आता गोल्फचं मैदान आहे.
मेथलिकला शेतकऱ्यानं विचारलं,
"पिकाला चांगला की वाईट?"
मी म्हटलं, ठाऊक नाही.
त्याला ते उत्तर आवडलं असावं,
त्यानं स्वतःच फावडं आणून दिलं.
तेविसाव्या दिवशी तो आला.

नाव देण्याचा नियम असा,
की जिवंत, वाढत्या जिवावर नाव टांगता येत नाही.
आधी त्याला वाळवा, थिजवा,
पाकिटात घालून कपाटात ठेवा,
मग बारसं.
बाईचं नाव असेल तर शेवटी 'ए' लावा.
रंग लिहा, बीजाणूंची रुंदी लिहा,
कितव्या अंशाला वाढ थांबते ते लिहा.
वासाला रकाना नव्हता.
मी शेरा म्हणून लिहिला,
संपादकानं तेवढी ओळ कापली.

पीटरहेडला फोन लावला.
पलीकडे किटली शिट्टी देत होती,
ती तिनं तशीच वाजू दिली.
वासाचं विचारलं तर म्हणाली,
बाप बोटीवर होता,
घरात सगळ्यांच्या कपड्यांना तोच यायचा.
नावाबद्दल काहीच बोलली नाही.
जरा वेळानं :
"म्हणजे मी ते टाकायला नको होतं."

"टाकायचात कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? मागच्या दारी.
बटाट्यांचा वाफा होता तिथे तेव्हा,
आणि कडेला कुणीतरी लावलेलं
भूर्जाचं एक रोप."